एकाच घरात वाय-फायचा वेग खोलीगणिक का बदलतो?

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आता वाय-फाय ७ चे राऊटर दिसू लागले आहेत आणि त्यांच्या खोक्यांवरचे वेगाचे आकडे हजारांत असतात. त्यातच मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, विनापरवाना वाय-फायसाठी खुला करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. तेव्हापासून ‘आता नेट सुसाट होणार’ ही चर्चा सुरू आहे. पण ज्यांच्या आतल्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास रोज अडकतो, त्यांचा प्रश्न फार साधा आहे. पैसे ३०० एमबीपीएसचे भरतो, हॉलमध्ये ३०० मिळतातही, मग दहा-बारा पावलांवरच्या बेडरूममध्ये ४० कसे?

बऱ्याचदा यात नेटवाल्याचा दोष नसतो आणि राऊटरही बिघडलेला नसतो. आतल्या खोलीपर्यंत मजकूर धड पोहोचावा म्हणून राऊटर आणि फोन स्वतःहून सावकाश बोलू लागतात. परिस्थिती पाहून बोलण्याची पद्धत बदलण्याच्या या तंत्राला ‘अॅडॅप्टिव्ह मॉड्युलेशन’ म्हणतात. मुंबईसारख्या शहरात, जिथे एका मजल्यावर चार-सहा घरं आणि प्रत्येक घरात एक राऊटर आहे, तिथे हे तंत्र समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण तुमच्या घरातला एक फोन सावकाश बोलू लागला की त्याची झळ तुम्हालाही बसते आणि शेजाऱ्यालाही.

संध्याकाळी सातला दादरच्या पुलावरून फोनवर कुणाला बँकेचा खाते क्रमांक सांगायचा झाला तर आपण काय करतो? एकेक आकडा सुटा सांगतो, समोरच्याकडून ‘हां, पुढे’ आलं की पुढचा सांगतो, नाही आलं तर तोच पुन्हा. घरी शांत खोलीत तोच क्रमांक चार-चार आकड्यांच्या गटात पटापट सांगून मोकळे होतो. माणूस तोच, क्रमांकही तोच. भोवतीचा गोंगाट बदलला म्हणून पद्धत बदलली. राऊटर नेमकं हेच करतो, तेही सेकंदाला शेकडो वेळा. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आकडे लहरीवर बसतात कसे?

वाय-फाय म्हणजे रेडिओलहर. लहरीच्या दोन गोष्टी बदलता येतात: तिची उंची, आणि ती कुठल्या क्षणी वर चढते ती वेळ, म्हणजे तिची कला. या दोन्हींच्या वेगवेगळ्या जोड्या आधीच ठरवून ठेवल्या की प्रत्येक जोडी म्हणजे एक संदेश. फक्त दोनच जोड्या ठरवल्या तर एका खेपेत ‘०’ किंवा ‘१’ एवढंच सांगता येतं, म्हणजे एक बिट. चार जोड्या असतील तर दोन बिट, १६ असतील तर चार, ६४ असतील तर सहा, २५६ असतील तर आठ आणि १०२४ असतील तर दहा बिट. लहरीच्या अशा एका खेपेला ‘सिम्बॉल’ म्हणतात, आणि उंची व कला दोन्ही वापरून जोड्या बनवायच्या पद्धतीला ‘क्वाम’. राऊटरच्या माहितीपत्रकात ‘१०२४-क्वाम’ असं छापलेलं असतं ते हेच. वाय-फाय ७ मध्ये ४०९६ जोड्यांपर्यंत मजल गेली आहे, म्हणजे एका खेपेत बारा बिट.

आलेखाच्या कागदावर या जोड्या ठिपक्यांनी मांडल्या तर चित्र स्पष्ट होतं. चार ठिपके असतील तर एकमेकांपासून ऐसपैस लांब बसतात. तेवढ्याच जागेत १०२४ बसवायचे तर ते जवळजवळ चिकटतात. वाटेतल्या गोंगाटाने ठिपका जरासा सरकला तरी चौघांच्या मांडणीत तो ओळखू येतो. १०२४ च्या मांडणीत मात्र तो शेजारच्या ठिपक्यावर जाऊन बसतो आणि घेणारा चुकीचे बिट वाचतो.

शिवाय प्रत्येक संदेशात चूक दुरुस्त करण्यासाठी काही जादा बिट मिसळलेले असतात. खराब परिस्थितीत निम्मे बिट या कामी खर्ची पडतात, चांगल्या परिस्थितीत सहातला एकच. ठिपक्यांची संख्या आणि जादा बिटांचं प्रमाण यांच्या ठरलेल्या जोडीला अभियंते ‘एमसीएस’ म्हणतात. इथून पुढे मी तिला नुसतं ‘पायरी’ म्हणेन. वाय-फाय ६ मध्ये अशा बारा पायऱ्या आहेत. वाय-फाय ७ ने वर आणखी दोन जोडल्या.

आता आकडे पाहू. २० मेगाहर्ट्झचा चॅनेल (म्हणजे बोलण्यासाठी वापरलेला पट्ट्याचा तेवढा रुंद तुकडा), एकच अँटेना, वाय-फाय ६. तळाच्या पायरीवर वेग ८.६ एमबीपीएस, सर्वांत वरच्या पायरीवर १४३.४. हवेतली जागा तेवढीच, आणि वेगात सोळा-सतरा पटींचा फरक. एका हर्ट्झमधून एका सेकंदाला किती बिट जातात, या मापाला ‘स्पेक्ट्रल एफिशियन्सी’ म्हणतात: तळाला ०.४३, वर ७.१७. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकात कमाल वेग २ एमबीपीएस होता आणि त्यासाठी सुमारे २२ मेगाहर्ट्झ लागत, म्हणजे हे माप ०.१ च्या आसपास. १९९९ च्या ‘८०२.११ए’ या वाय-फाय मानकात २० मेगाहर्ट्झमधून ५४ एमबीपीएस जाऊ लागले आणि माप २.७ वर गेलं. पंचवीस वर्षांची प्रगती बरीचशी या एका आकड्यात मावते.

मग कायम वरच्याच पायरीवर का नाही राहायचं?

कारण निसर्ग परवानगी देत नाही. बेल लॅब्जच्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच याची मर्यादा गणिताने दाखवून दिली. सिग्नल गोंगाटाच्या जितका पट मोठा, तितके जास्त बिट नेता येतात, पण हिशेब कठोर आहे. सिग्नल मुळातच चांगला असेल तर एका खेपेत एक बिट वाढवायला त्याची ताकद दुप्पट लागते. दोन बिट वाढवायचे तर चौपट.

आता हेच उलटं वाचा. मोकळ्या जागेत राऊटरपासूनचं अंतर दुप्पट केलं की पोहोचणारी ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे अंतर दुप्पट झालं की साधारण दोन बिट गेले. घरात यावर भिंतींचा हिशेब वेगळा. मुंबईत हा हिशेब इमारतीगणिक बदलतो. जुन्या चाळीत खोलीत लाकडी पार्टिशन असलं तर लहर त्यातून फारशी न दमता जाते. गेल्या काही वर्षांतल्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती ओततात, साइटवर त्याला ‘मिवान’ म्हणतात. तिथे आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि हॉल व बेडरूमच्या मधली एकच भिंत लहरीची बहुतेक ताकद शोषून घेते. त्यात लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज यांपैकी काही वाटेत आलं की आणखी घट.

या कथेतला सगळ्यात उपयोगी मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. दोन बिटांची किंमत सगळीकडे सारखी नसते. दहावरून आठ बिटांवर उतरलात तर वेग वीस टक्क्यांनी घटतो, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. सहावरून चारवर आलात तर तिसरा हिस्सा गेला. चारवरून दोनवर आलात तर वेग अर्धा झाला. खाली जाल तसा प्रत्येक धक्का जास्त लागतो. म्हणूनच खालच्या पायरीवरच्या उपकरणाला थोडं वर आणण्यात जो फायदा आहे, तो वरच्या पायरीवरच्याला आणखी वर चढवण्यात नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सोय आहे. सेटिंग्जमध्ये आपल्या वाय-फायच्या नावावर टॅप केलं की ‘लिंक स्पीड’ दिसतो. दोन अँटेनांचा वाय-फाय ६ फोन ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर असेल तर राऊटरशेजारी तिथे १२०१ दिसू शकतो. फोन हातात धरून आतल्या खोलीकडे चालत जा. आकडा सलग घसरत नाही, ठरलेल्या टप्प्यांवरच थांबतो: १२०१, १०८०, ९६०, ८६४, ७२०, ६४८, ५७६, ४३२, २८८, २१६, १४४, ७२. या त्या बारा पायऱ्या. स्वयंपाकघराच्या दारात ५७६ असेल आणि फ्रिजच्या मागे गेल्यावर २१६, तर कोणत्या वस्तूने किती खाल्लं ते तिथल्या तिथे कळतं. फक्त हा आकडा लहरीचा कमाल वेग आहे. प्रत्यक्ष डाउनलोड त्याहून बराच कमी मिळतो, कारण हवेतला बराच वेळ वाट पाहण्यात आणि पोच देण्यात जातो.

पायरी ठरवतं कोण?

पाठवणारं उपकरण स्वतः. गंमत म्हणजे वाय-फायच्या मानकाने पायऱ्या कोणत्या ते ठरवून दिलं आहे, पण कधी कोणती निवडायची ते चिप आणि राऊटर बनवणाऱ्यांवर सोडलं आहे. म्हणून सारख्याच मानकाचे दोन राऊटर एकाच घरात वेगवेगळे वागू शकतात.

निवडीचा आधार म्हणजे पोच. पुलावरच्या फोनवर समोरून ‘हां, पुढे’ येतं तसं वाय-फायमध्ये प्रत्येक पाकिटाला (म्हणजे पाठवायच्या माहितीच्या छोट्या तुकड्याला) किंवा पाकिटांच्या गठ्ठ्याला घेणारं उपकरण पोच देतं. पोच आली नाही की पाकीट हरवलं असं धरायचं आणि पुन्हा पाठवायचं. १९९७ च्या ‘एआरएफ’ या सुरुवातीच्या पद्धतीत नियम सरळ होता: सलग दोन पोच चुकल्या की एक पायरी खाली, सलग दहा आल्या की एक पायरी वर. नंतरच्या पद्धती अधिक विचारी आहेत. लिनक्स या संगणक-प्रणालीतली ‘मिन्स्ट्रेल’ प्रत्येक पायरीवर किती पाकिटं पोहोचली याची नोंद ठेवते आणि मूळ रचनेत दहा टक्क्यांच्या आसपास पाकिटं मुद्दाम वेगळ्या पायरीवरून पाठवून चाचपून पाहते.

पण गर्दीच्या इमारतीत या साध्या नियमाला एक मोठी भूल पडते. पोच का आली नाही? सिग्नल कमजोर होता म्हणून, की त्याच क्षणी शेजारचा राऊटर बोलला आणि दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले म्हणून? पाठवणाऱ्याला हे कळत नाही. पुलावर गोंगाटामुळे ऐकू आलं नाही तर सावकाश बोलणं बरोबर आहे. पण कानाजवळून कुणी ओरडत गेल्यामुळे एक आकडा हुकला असेल, तर तोच आकडा लगेच पुन्हा सांगणं पुरे असतं. साध्या पद्धतीचा राऊटर मात्र टक्कर झाली तरी पायरी उतरतो. पायरी उतरली की तेच पाकीट हवेत जास्त वेळ रेंगाळतं. जास्त वेळ रेंगाळलं की दुसऱ्याशी टक्कर व्हायची शक्यता वाढते. टक्कर झाली की आणखी एक पायरी खाली. शेजारचा राऊटरही तेच करत असतो. सिग्नल उत्तम असताना सगळी इमारत तळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसू शकते, ती अशी. चांगल्या पद्धती टक्कर आणि कमजोर सिग्नल यांत फरक करायचा प्रयत्न करतात, उदाहरणार्थ आधी छोटीशी ‘बोलू का?’ अशी विचारणा पाठवून. ती पोहोचली आणि मोठं पाकीट तरीही हरवलं, तर दोष सिग्नलचा असण्याची शक्यता जास्त.

‘पण बार तर पूर्ण दिसतात!’

बार फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. गोंगाट किती आहे, हवा किती वेळ व्यापलेली आहे, आपण कुठल्या पायरीवर आहोत, यातलं काहीही त्यांत नसतं.

शिवाय राऊटर स्वतःची ओळख सांगणारी पाकिटं सेकंदाला साधारण दहा वेळा पाठवत असतो. त्यांना ‘बीकन’ म्हणतात. ती सर्वांना, अगदी लांबच्या आणि जुन्या उपकरणालाही ऐकू यावीत म्हणून खालच्या वेगाने जातात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर अनेक राऊटर अजूनही ती १ एमबीपीएसने पाठवतात. एक बीकन २५० बाइटचं धरलं तर त्याचे २००० बिट झाले. १ एमबीपीएसने जायला दोन मिलिसेकंद. सेकंदाला दहा बीकन म्हणजे वीस मिलिसेकंद, म्हणजे हवेचे दोन टक्के. एका राऊटरचं हे काहीच नाही. पण गिरगावातल्या चाळीत किंवा कुर्ल्याच्या दाट वस्तीत फोनवर वाय-फायची यादी उघडा. एकाच चॅनेलवर वीस नावं असतील तर कुणीही काही डाउनलोड न करता, नुसती ओळख सांगण्यातच चाळीस टक्के हवा संपली. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, त्यामुळे ही वेळ यायला फार घरं लागत नाहीत.

एकाच्या संथपणाचा भार सगळ्यांवर

हवा एकच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. वाय-फायचा मूळ नियम प्रत्येकाला बोलण्याची समान संधी देतो, समान वेळ नाही. इथेच गोची होते.

जुन्या ५४ एमबीपीएसच्या मानकावर हिशेब करून पाहू, म्हणजे आकडे सुटसुटीत राहतील. १५०० बाइटचं पाकीट म्हणजे १२,००० बिट. ५४ च्या पायरीवर ते सुमारे २२२ मायक्रोसेकंदांत जातं, ६ च्या पायरीवर २००० मायक्रोसेकंद घेतं. हॉलमधला लॅपटॉप ५४ वर आणि बाल्कनीतला फोन ६ वर आहे. दोघे आळीपाळीने एकेक पाकीट पाठवतात. एका फेरीला २२२२ मायक्रोसेकंद लागले आणि दोघांचे मिळून २४,००० बिट गेले. एकूण वेग १०.८ एमबीपीएस, प्रत्येकाच्या वाट्याला ५.४. लॅपटॉप राऊटरच्या शेजारी आहे, त्याची पायरी सर्वांत वरची आहे, तरी त्याला ५.४ च मिळतात, कारण दर फेरीतला नव्वद टक्के वेळ फोनच्या बोलण्यात जातो. २००३ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलमधल्या संशोधकांनी हा दोष आकडेमोडीसह मांडला, तेव्हापासून तो ‘परफॉर्मन्स अनॉमली’ या नावाने ओळखला जातो.

यावरचा उपाय म्हणजे समान संधीऐवजी समान वेळ देणं, ‘एअरटाइम फेअरनेस’. वरच्याच उदाहरणात दोघांना अर्धा-अर्धा वेळ दिला तर लॅपटॉपला २७ मिळतात आणि फोनला ३. एकूण ३०, म्हणजे जवळजवळ तिप्पट. फोनचे ५.४ चे ३ झाले हे खरं, आणि बाल्कनीतून कुणी कामाचा कॉल करत असेल तर त्याला हे जाचेल. पण फोनला हॉलमध्ये आणणं किंवा त्याच्या जवळ जोडणीची सोय करणं हे आपल्या हातात आहे. बाकी सगळ्यांचा वेळ परत मिळवणं एरवी कुणाच्याच हातात नाही. त्यामुळे राऊटरमध्ये ही सोय असेल तर ती चालू ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ती आपल्याच राऊटरवरच्या उपकरणांमध्ये न्याय करते. शेजारच्या घरातला संथ टीव्ही आपला चॅनेल अडवत असेल तर तिचा उपयोग नाही.

गर्दीच्या सार्वजनिक जागी याहून कडक उपाय करतात. मुंबई सेंट्रल हे जानेवारी २०१६ मध्ये गुगल आणि रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीच्या मोफत वाय-फायचं देशातलं पहिलं स्थानक ठरलं, आणि नंतर अशी सेवा शेकडो स्थानकांत गेली. स्थानक, सभागृह किंवा कॉलेज अशा ठिकाणी जाळं बांधणारे बऱ्याचदा तळाच्या पायऱ्या बंदच करून ठेवतात. मग लांबवरचा फोन कमजोर धाग्याला लटकून सगळ्यांचा वेळ खाण्याऐवजी तुटतो आणि जवळच्या दुसऱ्या अॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या दुसऱ्या खोक्याला, जोडला जातो.

‘जास्त ताकदीचा राऊटर किंवा एक्स्टेंडर घेतला तर?’

राऊटरचा आवाज वाढवला म्हणून फोनचा वाढत नाही. फोनची अँटेना छोटी, बॅटरी मर्यादित. राऊटरचं बोलणं फोनला स्वच्छ ऐकू आलं तरी फोनची पोच राऊटरपर्यंत पोहोचायला हवी ना? शिवाय चार बिल्डिंगांना ऐकू जाईल एवढ्या जोरात बोलणारा राऊटर त्या चारही बिल्डिंगांमधल्या त्याच चॅनेलवरच्या लोकांना थांबायला लावतो. सगळ्यांनी आवाज वाढवला की गोंगाट तेवढाच वाढतो. दाट वस्तीत राऊटरची ताकद एक टप्पा कमी केल्याने आपलं फारसं बिघडत नाही आणि शेजाऱ्यांचं भलं होतं.

एक्स्टेंडरचं असं की साधा, एकाच रेडिओचा एक्स्टेंडर प्रत्येक पाकीट आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो. म्हणजे तेच पाकीट हवेत दोनदा गेलं. दोन्ही टप्पे वरच्या पायरीवर होत असतील तर तळाच्या पायरीवर रखडण्यापेक्षा हे बरंच बरं. पण लोक एक्स्टेंडर नेमका तिथे लावतात जिथे सिग्नल आधीच मेलेला असतो. मग पहिला टप्पाच संथ होतो. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे फोनवर लिंक स्पीड अजून चांगला दिसतो तिथे लावावा.

खरा उपाय म्हणजे तार. आपल्याकडे नेटवाला केबल डक्टमधून आणून दाराशेजारीच राऊटर ठोकून जातो, कारण त्याचं काम तिथे संपतं. त्याला दहा-पंधरा मीटर जास्तीची केबल टाकून राऊटर घराच्या मधोमध, उंचावर बसवायला सांगा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. टीव्ही आणि डेस्कवरचा कॉम्प्युटर जागचे हलत नाहीत, त्यांना लॅनची वायर जोडा. त्यांनी हवा सोडली की ती फोनांना मिळते. आतल्या खोलीत दुसरा अॅक्सेस पॉइंट लावायचा असेल तर तोही तारेनेच जोडा. मिवानच्या घरात याला पर्याय नाही, असं मी म्हणेन. काँक्रीटच्या भिंतींचा एक फायदाही आहे: त्या शेजारच्याचा गोंगाटही अडवतात, त्यामुळे खोलीतला अॅक्सेस पॉइंट फार स्वच्छ चालतो.

‘चॅनेल रुंद केला तर?’

राऊटरमध्ये २०, ४०, ८०, १६० मेगाहर्ट्झ असे पर्याय असतात आणि मोठा आकडा निवडावासा वाटणं साहजिक आहे. पण रुंद दार उघडलं की गोंगाटही तेवढाच जास्त आत येतो. २० चे ८० केले की गोंगाट चौपट, आणि चौपट म्हणजे पुन्हा तेच दोन बिट. राऊटरजवळ असाल तर हा सौदा फायद्याचा आहे, कारण दहाचे आठ बिट झाले तरी रुंदी चौपट मिळाली. लांबच्या खोलीत मात्र आधीच दोन बिटांवर असलेल्या फोनची जोडणी डळमळते. वर रुंद चॅनेल जास्त शेजाऱ्यांवर चढतो. २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ ठेवणं म्हणजे तीनपैकी दोन चॅनेल अडवणं. तिथे २० च ठेवा, आणि सेटिंग असेल तर वाय-फायचा जुना, संथ ‘११बी’ प्रकार बंद करा, म्हणजे बीकन १ ऐवजी निदान ६ एमबीपीएसने जातील. ५ गिगाहर्ट्झवर भारतात २०१८ पासून ६०५ मेगाहर्ट्झ खुले आहेत, तिथे ८० ठीक आहे.

‘पावसात नेट जातं, ते यामुळेच का?’

नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर घराच्या अंतरात पावसाचा परिणाम नगण्य असतो. गच्चीवरच्या टीव्हीच्या डिशचं वेगळं; ती १० गिगाहर्ट्झच्या वरची लहर आकाशातून झेलते, त्यामुळे जोराच्या सरीत चित्र गोठतं. जुलैत नेट गेलं तर आधी डक्टमधली वायर, जोड आणि वीज तपासावी.

‘वाय-फाय ७ घेतला की प्रश्न सुटेल ना?’

वाय-फाय ७ मधली ४०९६-क्वाम एका खेपेत दहाऐवजी बारा बिट नेते. वाढ वीस टक्क्यांची. त्यासाठी लागणारा सिग्नल मात्र १०२४-क्वामच्या चौपट स्वच्छ हवा. आणि १०२४-क्वामलाच सिग्नल गोंगाटाच्या काही हजारपट लागतो. म्हणजे ही पायरी राऊटरच्याच खोलीत, समोरासमोर असताना भेटते. ज्या खोलीत मुळात ४० एमबीपीएस मिळत होते, तिथे तिचा स्पर्शही होत नाही.

वाय-फाय ७ मध्ये एकाच वेळी दोन पट्टे वापरण्यासारख्या इतर चांगल्या गोष्टी आहेत. ६ गिगाहर्ट्झचा फायदाही खरा आहे, पण तो ठिपक्यांच्या संख्येचा नाही, मोकळ्या हवेचा आहे. नवा पट्टा जुन्या उपकरणांपासून मुक्त असतो, तिथे कुणीही १ एमबीपीएसने बोलत नाही. मसुद्यातले ५०० मेगाहर्ट्झ म्हणजे १६० मेगाहर्ट्झचे तीन चॅनेल, आणि खोक्यावर मिरवला जाणारा ३२० मेगाहर्ट्झचा एकच. अमेरिकेने २०२० मध्ये याच पट्ट्यात १२०० मेगाहर्ट्झ खुले केले होते. त्यामुळे ३२० मेगाहर्ट्झ धरून छापलेला वेग आपल्या इमारतीत शेजाऱ्यांसकट सगळ्यांना एकाच वेळी मिळणं शक्य नाही. ६ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून ५ पेक्षाही जास्त दमते आणि घरातली परवानगी कमी ताकदीचीच आहे, म्हणून ती मुख्यतः त्याच खोलीत कामाला येईल.

तेव्हा पैसे काढण्याआधी अडणाऱ्या खोलीत जाऊन लिंक स्पीड पाहा. तिथे तो १४४ किंवा ७२ वर असेल, तर आधी राऊटरची जागा, मग तार, मग त्या खोलीत दुसरा अॅक्सेस पॉइंट, हा क्रम धरा. आकडा ८६४ च्या वर असूनही संध्याकाळी नेट अडत असेल, तर अडचण पायरीची नाही, गर्दीची आहे. तिथे राऊटरचा चॅनेल बदलून पाहा, २.४ गिगाहर्ट्झवरची उपकरणं अडत असतील तर मजल्यावरच्या घरांनी आपसात १, ६, ११ वाटून घेऊन पाहा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मग ६ गिगाहर्ट्झच्या राऊटरचा विचार करा. त्यासाठी फोन आणि लॅपटॉपही ६ गिगाहर्ट्झ ऐकणारे हवेत, हे दुकानातच विचारून घ्या.